आरोप

अलंकार शिकवताना चेतनगुणोक्तीपाशी आले की वर्गाला जरा हुरूप येतो. उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक ऐकता ऐकता पेंगुळलेली मुले येथे सावरून बसतात. कारण हा अलंकार त्यांच्या ओळखीचा असतो. लहानपणापासून त्यांनी चांदोबाला रुसवलेले आणि झाडांना डोलवलेले असते. व्याख्याही सोपी आहे. अचेतन वस्तू सचेतन आहे अशी कल्पना करून ती माणसासारखी वागते-बोलते असे वर्णन केले, की चेतनगुणोक्ती. बावीस-तेवीस वर्षे मी ही व्याख्या फळ्यावर लिहीत आले आहे. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिण्याची माझी सवय आहे : 'मानवी भावनांचा निसर्गावर आरोप'. आणि लगेच सांगते, की यातला 'आरोप' म्हणजे तुम्ही रोजच्या बोलण्यात म्हणता तो नव्हे. एका वस्तूवर दुसरीची स्थापना करणे हा येथला अर्थ. दोष ठेवणे हा व्यवहारातला. परीक्षेत गल्लत करू नका.

२०२४च्या पावसाळ्यात माझीच गल्लत झाली. त्याची ही हकिकत.

खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या ठाण्याच्या घरी आली २०१९च्या दिवाळीनंतर. हट्ट लेकीचा होता. पण त्या हट्टापुढे मी इतक्या लवकर नमले, याचे कारण माझ्याच लहानपणात होते. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात आमची चौथीची सहल गेली होती. अंधाऱ्या दालनातल्या त्या उजळलेल्या काचा मला अजून दिसतात. बाईंनी 'चला, चला' म्हटल्यावरही मी एका काचेला नाक लावून उभी होते. घरी आल्यावर आईने विचारले, काय पाहिलेस? मी म्हटले, 'मासे हसत होते.' घरच्यांना ते वाक्य फार आवडले. आल्यागेल्यापुढे ते मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावीत. माझ्या साहित्यिक जाणिवेचा आरंभ बहुधा तेथेच झाला.

टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. दगड वगैरे वजा जाता त्यात शंभर-एकशेदहा लिटर पाणी बसते. या छंदातल्या लोकांच्या लेखी हे डबकेच. गोड्या पाण्याच्या टाकीत चुका पुष्कळशा खपून जातात. खाऱ्या पाण्यात, आणि त्यातही थोड्या पाण्यात, त्या साठत जातात. नळाचे पाणी चालत नाही. आरओचे पाणी घेऊन त्यात समुद्री क्षारांचे पुडीतले मिश्रण लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम विरघळवायचे. मग सहा आठवडे त्यात एकही मासा सोडायचा नाही. पंप फिरत असतात, दिवा लागतो-विझतो, आणि टाकी रिकामीच असते. त्या काळात दगडांच्या रंध्रांत जीवाणू वस्तीला येतात. पुढे माशाच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट तेच करणार असतात. ते नसतील तर मासा आपल्याच विषाने मरतो. आमच्याकडचे दगडही खरे प्रवाळ नव्हेत, भाजलेल्या मातीचे आहेत. कठीण प्रवाळांना आपल्याकडे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. थोडक्यात, आमचा समुद्र पुडीतला, आणि प्रवाळ कुंभारकामातला. खरा असणार होता तो फक्त मासा.

तो २०२० सालच्या जानेवारीत आला. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून, फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. दुकानदार म्हणाला, 'बालीचा माल आहे, मॅडम. कोरल ब्यूटी.' बोटभर लांबी. डोके, पाठ आणि पर गर्द जांभळट निळे. कुशी नारिंगी आणि त्यांवर उभ्या निळसर रेघा. एंजलफिशच्या कुळातली ही ठेंगणी शाखा. मोठे एंजल हातभर वाढतात, हे जेमतेम चार इंच. शास्त्रीय नाव सेंट्रोपायगी बिस्पिनोसा. मला व्युत्पत्तीचा नाद, म्हणून शोधले. ग्रीक 'केंट्रॉन' म्हणजे काटा, टोकदार वस्तू. आणि 'पायगी' म्हणजे पार्श्वभाग. याच 'केंट्रॉन'पासून ज्योतिषाच्या मार्गाने संस्कृतात 'केंद्र' हा शब्द आला. या साऱ्या कुळाच्या गालफडाखाली, कल्ल्यांच्या झाकणावर, एक मागे वळलेला काटा असतो. दिसायला जवळच्या अशा बटरफ्लायफिशपासून त्यांना वेगळे ओळखायची खूणच ती. म्हणजे लोकांनी ज्याला देवदूत म्हटले, त्याला शास्त्रज्ञांनी काटेरी म्हटले. तेव्हा मला ही केवळ गंमत वाटली होती.

मराठीत याला नाव नाही. कोकणातल्या आमच्या आजोळी माशांची नावे ताटाच्या वाटेने येत. जो खात नाहीत त्याला नावाने कोण हाक मारणार? मग लेकीने त्याला 'वामन' म्हणायला सुरुवात केली. नाव फार नेमके बसले. ठेंगणा, बालीहून आलेला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने तीन फुटांची ती सारी भूमी आपली केली. डावीकडच्या कपारीतून निघून मधल्या दगडाला वळसा घालून उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि परत, असा त्याचा दिवसभर फेरा. वाटेत प्रत्येक दगडाला एक-एक चोच. खडकावरचे शेवाळ आणि त्यात अडकलेला कण टिपत राहणे हा या माशांचा धंदाच आहे. दिवसात दोनदा खायला घालून त्यांचे भागत नाही. दिवा मालवला की तो एका ठराविक भेगेत शिरतो. रंग किंचित फिका पडतो आणि पर मिटलेले असतात.

त्याच वर्षी मार्चमध्ये आपण सगळेच आपापल्या टाकीत बंद झालो. त्या दिवसांत आमच्या घरात वामनाला वाचा फुटली. 'वामन म्हणतोय, आज पुन्हा खिचडी?' 'वामनाला तुझं गणित बघवत नाही.' चौदा वर्षांच्या मुलीशी सरळ बोलले तर भांडण होते. माशाच्या तोंडून बोलले तर ती हसते, हा शोध मला तेव्हा लागला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि आसपासची वीज एकाएकी गेली. माझा ऑनलाइन तास मध्येच तुटला. विद्यार्थ्यांची चिंता करायच्या आधी आम्ही दोघी टाकीकडे धावलो. पंप थांबले की पाण्यात प्राणवायू मिसळणे जवळजवळ थांबते, आणि थोडे पाणी लवकर गुदमरते. बॅटरीवरचा पंप आमच्याकडे नव्हता. मग मगाने पाणी उचलायचे आणि वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडायचे, असे आम्ही आळीपाळीने सुरू केले. दहा मिनिटे ती, दहा मिनिटे मी. वीज आली तेव्हा दुपार उलटून गेली होती, आणि दोघींचे दंड भरून आले होते. वामन आपल्या कपारीच्या तोंडाशी कल्ले भरभर हलवीत होता. लेक म्हणाली, 'आई, तो थँक यू म्हणतोय.' मी म्हटले, 'म्हणणारच.'

पुढे शाळा सुरू झाल्या, कॉलेज सुरू झाले. ती घरी परतली की मी दारातच सांगे, 'वामन तुझी वाट बघतोय.' मी वाट पाहत होते, असे मी एकदाही म्हटले नाही.

२०२४च्या जुलैत ती शिकायला बंगळूरला गेली. घरात आम्ही दोघे उरलो; तिचे बाबा रात्री आठनंतर येणारे. संध्याकाळी मी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसू लागले, आणि मला पहिल्यांदाच वामन एकटा दिसू लागला. साडेचार वर्षे तो एकटाच होता. पण आता त्याच्या फेऱ्यात मला येरझारा दिसल्या, कपारीच्या तोंडाशी थांबण्यात वाट पाहणे दिसले. काचेत पडलेल्या स्वत:च्या प्रतिबिंबासमोर तो घुटमळला तर मला भरून येई. याला सोबत हवी, असे मी ठरवले.

मी वाचन केले. वाचन करून ठरवणे हा आमच्या पेशाचा गर्व आहे. हे ठेंगणे एंजल समुद्रात एक नर आणि काही माद्या अशा छोट्या कुटुंबात राहतात, हे कळले. सगळे आयुष्य मादी म्हणून सुरू करतात. नर नाहीसा झाला की सर्वांत मोठी मादी काही आठवड्यांत नर होते, हे कळले. मराठीत मासा पुल्लिंगी म्हणून आम्ही 'तो' म्हणत होतो. त्याच्या कुळात मात्र लिंग हे व्याकरण नसून प्रसंग आहे. सूर्यास्ताच्या सुमारास नर आणि मादी जोडीने वर उठतात आणि अंडी पाण्यात सोडून झटक्यात खडकाकडे परततात, हेही वाचले. यात मला एक गोष्ट सापडली : वामनाला एक लहान जोडीदारीण आणून दिली की संसार उभा राहील. लहान-मोठी जोडी एकत्र राहू शकते, असे एका ठिकाणी लिहिलेही होते. त्याच वाक्यात 'एकाच वेळी सोडल्यास' आणि 'प्रशस्त टाकीत' असे दोन शब्दसमूह होते. संदर्भ सोडून उद्धृत करू नका, म्हणून मी प्रबंधांच्या मार्जिनमध्ये लाल शाईने लिहीत असते.

दुकानदाराने सांगितलेही. 'मॅडम, एवढ्या टाकीत एकच ठेवा. दोन राहणार नाहीत.' मी त्याला लिंगबदलाविषयी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पिशवी बांधली.

नवा मासा वामनाच्या निम्मा होता. तीन दिवस त्याला भोके पाडलेल्या डब्यात टाकीतच ठेवले, म्हणजे ओळख व्हावी. वामन डब्याभोवती फिरत राहिला. मी त्याला कुतूहल म्हटले. चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवा मालवून डबा उघडला. पाठलाग लगेच सुरू झाला. वामन पर ताठ करून आडवा येई आणि कुशीवर झडप घाली. नवा कपारीत शिरला की वामन कपारीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेपटीची कड कुरतडलेली होती. मी फोनवर लेकीला म्हटले, 'सासुरवास चाललाय. रुळेल हळूहळू.' ती हसली. मला त्या वाक्याचे समाधान वाटले. नवी सून, जुने घर, पहिले दिवस कठीण, मग माया. शेकडो कथा-कादंबऱ्यांनी मला हा आकृतिबंध दिलेला होता, आणि त्यात शेवट ठरलेला होता. त्याच भरवशावर मी दोन दिवस थांबले.

तिसऱ्या दिवसापासून नवा मासा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, पंपाच्या मागच्या फटीत तिरका उभा राहू लागला. खाणे टाकले तरी बाहेर येईना. त्या रात्री त्याला बाहेर काढायचे मी ठरवले, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा तास होता, आणि दगड हलवल्याशिवाय तो हाती लागला नसता. उद्या, असे म्हटले. सकाळी तो पंपाच्या जाळीला चिकटलेला होता. पर दोऱ्या-दोऱ्या झालेले, एका कुशीवरचे खवले गेलेले. वामन खालच्या दगडावर शेवाळ टिपत होता, रोजच्यासारखा.

दुकानदाराला फोन केला तेव्हा तो बिचारा मला सावरायला म्हणाला, 'मॅडम, कधी कधी मासा औषधाचा असतो.' औषध म्हणजे सायनाइड. फिलिपाइन्समध्ये १९६०च्या दशकात ही रीत सुरू झाली आणि इंडोनेशियातही पसरली. पाणबुड्या सायनाइडचे पाणी पिचकारीने प्रवाळाच्या कपारीत मारतो, मासे गुंगून हाती लागतात. प्रवाळ मरतात ते मरतातच, आणि पकडलेले मासेही पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरतात. दुकानात येणारे खाऱ्या पाण्यातले बहुसंख्य मासे अजूनही समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. हवाईत २०००च्या दशकात ठेंगण्या एंजलच्या काही जाती टाकीत वाढवून दाखवण्यात आल्या. पण त्यांची पिल्ले इतकी सूक्ष्म असतात, की त्यांच्या पहिल्या घासासाठी त्यांहून सूक्ष्म जीव वाढवावे लागतात. हे सगळे खरे. अनोळखी, दूरच्या, बहुधा गरीब अशा त्या पाणबुड्यावर दोष ठेवणे सोपे होते. पण माझ्या तळहातावर कुरतडलेली शेपटी होती.

लेकीने वेगळाच दोष ठेवला. 'वामन खुनी आहे,' ती म्हणाली, आणि रडली. मी तिला समजावताना स्वत:ही समजत गेले. समुद्रात असा पाठलाग रोज होतो. हरलेला मासा चार हात पळतो, सीमा ओलांडली जाते, जिंकलेला मागे वळतो. भांडण तेथे संपते. आमच्या टाकीत चार हातच नव्हते. वामन हद्दीबाहेर हाकलत होता आणि काचेच्या आत हद्दीबाहेर अशी जागाच नव्हती. म्हणून तो हाकलतच राहिला. त्याने क्रौर्य केले नाही, आणि ज्या एकटेपणाच्या दयेपोटी मी हे केले, तो एकटेपणाही त्याचा होता याला पुरावा नाही. घरात एकटे कोण होते, ते मला माहीत होते. ती भावना मी त्याच्यावर ठेवली, आणि मग तिच्यावर उपाय म्हणून एक जीव विकत आणला.

फळ्यावर मी ज्या दोन अर्थांमध्ये रेघ मारत आले, ती रेघ त्या दिवशी पुसली गेली. वामन एकटा आहे, हा माझा आरोप पहिल्या अर्थाचा होता. वामन खुनी आहे, हा लेकीचा आरोप दुसऱ्या अर्थाचा. पण दोन्हींत त्याला न विचारता त्याच्या तोंडी आमची भाषा घातलेली होती. काटेकोर पाहिले तर मासा अचेतन नाही, म्हणून ही चेतनगुणोक्ती नव्हेच, असे कोणी म्हणेल. मला वाटते, तेथेच गोम आहे. चंद्र रुसला असे म्हटल्याने चंद्राचे काही बिघडत नाही. ज्याला खरोखर चेतना आहे, त्याच्यावर आपली चेतना लादली की त्याची स्वत:ची दिसेनाशी होते.

म्हणून मी एक वही केली. नियम एकच : विशेषण नाही, 'जणू' नाही. 'सकाळी ७.१०. डाव्या काचेवरचे शेवाळ टिपले. खाणे घेतले. पाणी २६ अंश.' पहिले काही दिवस लिहिताना हात अडखळे. वाक्य आपोआप उपमेकडे झुके. पण महिन्याभरात वेगळेच घडले. मला मासा दिसू लागला. तो एका दगडाच्या एकाच बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने कधीच नाही. डोळा शरीराच्या आधी वळतो. काचेतल्या प्रतिबिंबासमोर त्याचे पर तसेच ताठ होतात, जसे त्या नव्या माशासमोर झाले होते. ज्यावर माझे डोळे भरून येत होते, ते घुटमळणे नव्हते. ती हाकलणी होती. साडेचार वर्षे ते माझ्या समोर होते.

याचा अर्थ कवितेने चंद्राला रुसवू नये, असा मी काढत नाही. तसे झाले तर माझा तास आणि माझी नोकरी दोन्ही जातील. यंदाही मी ती व्याख्या लिहिली, आणि खालची ओळही. फक्त 'गल्लत करू नका' हे म्हटले नाही. त्याऐवजी मुलांना विचारले, की कवीने झाडाला रडवले, तर त्या वेळी रडू कोणाला येत असते? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, 'कवीला, मॅडम. पण त्याला ते स्वत:च्या नावावर सांगायचं नसतं.' मी त्याला बस म्हणायचे विसरले.

खाऱ्या टाकीचे एक रोजचे काम असते. दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडून जाते, पण मीठ उडत नाही. ते मागे राहते आणि उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. म्हणून काचेवरच्या खुणेपर्यंत रोज साधे, गोडे पाणी घालावे लागते. गेल्या महिन्यात रात्री मी ते घालत होते, तेव्हा लेकीचा फोन आला. नेहमीसारखे तिने विचारले, 'वामन काय करतोय?'

'वाट बघतोय' हे शब्द सवयीने ओठांवर आले होते. मी टाकीकडे पाहिले. 'दिवा बंद झालाय,' मी म्हटले. 'तो भेगेत गेलाय.'

ती थोडी थांबली. मग म्हणाली, 'बरं.'

'दिवाळीला कधी येतेस?' मी विचारले. 'मी वाट बघतेय.'